उंची वाढवलेल्या पिकअपचे मागचे शॉकअप दर हंगामात का जातात?

तासगाव तालुक्यातील आमच्या द्राक्षबागेपासून डांबरी रस्त्यापर्यंतची वाट काळ्या मातीची आहे. पावसाळ्यात तिच्यात चाकोऱ्या पडतात आणि जानेवारीत त्याच चाकोऱ्या वाळून दगडासारख्या होतात. या वाटेवर भरलेल्या पिकअपची मागची बाजू बसू लागली, म्हणून चार वर्षांपूर्वी मिरजेच्या बाजूच्या एका पाटेवाल्याकडे, म्हणजे गाडीचे वजन पेलणाऱ्या लोखंडी कमानपट्ट्यांचे काम करणाऱ्याकडे, आम्ही गाडी नेली. "मालक, दोन पाटे वाढवू या आणि शॅकल लांब करू या, मग बघा कशी बसते ते," असे तो म्हणाला. (शॅकल म्हणजे पाट्याचे मागचे टोक चेसिसला जोडणारी हलती कडी.) गाडी खरोखरच बसायची थांबली. मात्र त्यानंतरच्या सलग तीन हंगामांत मागच्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरच्या, म्हणजे सगळे ज्याला शॉकअप म्हणतात त्याच्या, तीन जोड्या निकामी झाल्या. पहिल्या जोडीतल्या एकाची वरची बुशची (आतल्या रबरी अस्तराची) कडी वेल्डिंगपासून उपटून आली, दुसऱ्या जोडीतल्या एकाचा रॉड वाकला आणि तिसऱ्या जोडीचे बुश फाटून ती ठकठक करू लागली. प्रत्येक वेळी बहुतेकांचे निदान एकच: "माल जास्त भरता, दुसरे काय?" हे निदान चुकीचे होते. ते चुकीचे का होते आणि चौथी जोडी कशी निवडून बसवली, हे येथे आकड्यांसह लिहितो, कारण पाटे वाढवलेल्या बहुतेक पिकअपमध्ये हाच दोष थोड्याफार फरकाने आढळतो.

आधी एक गैरसमज दूर केलेला बरा. शॉकअप गाडीचे वजन पेलत नाही, वजन पाटे पेलतात. पाट्यांची हेलकावणारी हालचाल तेलाच्या अडथळ्याने लवकर शांत करणे एवढेच शॉकअपचे काम आहे. गॅसचा शॉकअप हातात घेतला की त्याचा रॉड आपोआप बाहेर येतो, म्हणून तो गाडी उचलून धरतो असे वाटते. पण १४ मिलीमीटर जाडीच्या रॉडवर २० बार दाब असला तरी ती ढकल जेमतेम ३१ किलोंची होते, आणि टनाच्या हिशेबात तिला काही अर्थ नाही. त्यामुळे "जाड शॉकअप टाका, गाडी बसणार नाही" हा सल्ला कोणी दिला तर तो तिथेच सोडून द्यावा.

बिघाड केव्हा होतो ते आधी पाहा

पहिल्या जोडीची कडी उपटली तो दिवस मला नीट आठवतो. सांगलीला माल उतरवून रिकामी गाडी घेऊन परत येत होतो, आणि गावाबाहेरच्या गतिरोधकावरून मागची चाके खाली उतरताना ठक्कन आवाज झाला. तो आवाज त्याआधी महिनाभर येत होता, पण फक्त रिकाम्या परतीत. क्रेट भरलेले असताना गाडी मुकाट्याने चालत असे. माल जास्त झाल्यामुळे शॉकअप तुटत असेल तर तो रिकाम्या गाडीतच का वाजतो, हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता, आणि तो पडला नाही याचे मला आजही वाईट वाटते.

शॉकअपला दोन टोके असतात. रॉड पूर्ण बाहेर आला की ते एक टोक, आणि पूर्ण आत गेला की दुसरे. या दोन्हींच्या मध्ये तो तेलाने काम करतो, पण टोकाला पोहोचला की तो निव्वळ लोखंडाची साखळी किंवा लोखंडाचा खांब होतो. चाक खड्ड्यात किंवा गतिरोधकाच्या उताराकडे खाली जाताना ठक् होत असेल, तर रॉड पूर्ण बाहेर येऊन शॉकअप ताणला जातो आहे. चाक वर येताना, म्हणजे दणका बसताना, धप्प असा जड आवाज होत असेल, तर शॉकअप आत दाबून टेकतो आहे. पहिल्या प्रकारात बहुधा कडी उपटते किंवा वरचे सील जाऊन तेल गळते. दुसऱ्या प्रकारात रॉड वाकतो, चेसिसवरचा ब्रॅकेट चिरतो किंवा आतला तळाचा व्हॉल्व्ह फुटतो. काढलेला जुना शॉकअप भंगारात टाकण्यापूर्वी तो कुठे तुटला आहे हे पाहिले, तर निम्मे निदान तिथेच होते.

बाहेरच्या नळीवर तेलाचा नुसता ओलसर थर आणि त्यावर बसलेली धूळ म्हणजे गळती नव्हे. रॉड सीलमधून थोडे तेल सोबत आणतोच. नळीवरून तेलाचा ओघळ खालच्या कडीपर्यंत आला असेल तर मात्र तो शॉकअप संपला. दोन्ही बाजूंपैकी एकच शॉकअप पुन्हापुन्हा जात असेल, तर लांबीचा विचार करण्याआधी त्या बाजूचा ब्रॅकेट तिरपा झाला आहे का आणि सायलेन्सरचा पाइप शॉकअपला अगदी लागून जातो का, हे तपासावे.

तीन लांब्या मोजल्याशिवाय दुकानात जाऊ नये

आमची चूक अशी झाली की पहिली जोडी तुटल्यावर आम्ही दुकानात जाऊन गाडीचे नाव सांगितले आणि त्या गाडीची मूळ जोडी आणली. दुकानदाराने योग्य तीच दिली. पण आमची गाडी आता ती गाडी राहिलेली नव्हती. दोन पाट्यांनी साधारण ३० मिलीमीटर आणि ५० मिलीमीटर लांब केलेल्या शॅकलने २५ मिलीमीटर, असे मिळून मागची बाजू ५५ मिलीमीटर उचलली गेली होती. शॅकल जितका लांब करावा त्याच्या साधारण निम्मीच उंची वाढते, कारण पाट्याचे पुढचे टोक जागेवर असते आणि मागचेच खाली सरकते.

मोजमाप करताना सर्व लांब्या वरच्या कडीच्या बोल्टच्या मध्यापासून खालच्या कडीच्या बोल्टच्या मध्यापर्यंत घ्याव्यात. पहिली लांबी गाडी सपाट जागी रिकामी उभी असतानाची. दुसरी, चेसिस लोखंडी स्टँडवर टेकवून, शॉकअप सोडवून, मागचा अ‍ॅक्सल पूर्ण लोंबू दिल्यावरची. हे काम नुसत्या जॅकवर करू नये, आणि अ‍ॅक्सल लोंबवताना ब्रेकच्या रबरी होसवर ताण येत नाही ना, हे डोळ्यांनी पाहत राहावे. तिसरी लांबी अ‍ॅक्सल पूर्ण वर गेल्यावरची. ती थेट मोजणे अवघड आहे, कारण पाटे हाताने दबत नाहीत, म्हणून ती हिशेबाने काढावी लागते.

तो हिशेब असा. चेसिसखाली अ‍ॅक्सलच्या वर रबराचा जो ठोकळा असतो तो बंप स्टॉप. आमच्या रिकाम्या गाडीत बंप स्टॉप आणि अ‍ॅक्सल यांच्यात १२८ मिलीमीटर अंतर होते. शॉकअप उभ्या रेषेशी साधारण २० अंशांनी कललेला असल्याने अ‍ॅक्सल जेवढा वर जातो तेवढा शॉकअप दबत नाही. त्या अंतराला ०.९४ ने गुणले की शॉकअपची हालचाल कळते, म्हणजे १२० मिलीमीटर. रबर स्वतःही दबते. ६५ मिलीमीटर उंचीचे रबर जोराच्या दणक्याला निम्मे दबते असे धरले, तर आणखी ३० मिलीमीटर. कल मोजायला महागडे साधन लागत नाही. गवंड्याचा ओळंबा वरच्या बोल्टवरून सोडावा, खालचा बोल्ट त्या दोरीपासून किती आडवा सरकला आहे ते मोजावे आणि त्याला दोन बोल्टांमधल्या लांबीने भागावे. आमच्याकडे ४८५ मिलीमीटर लांबीला १६६ आडवे आले, म्हणजे भागाकार ०.३४, आणि ज्याचा साइन ०.३४ तो कोन २० अंशांचा.

आता आमचे आकडे एकत्र पाहा. रिकाम्या गाडीची लांबी ४८५, अ‍ॅक्सल पूर्ण लोंबल्यावर ५६०, बंप स्टॉपला टेकल्यावर ३६५ आणि रबर पूर्ण दबल्यावर ३३५ मिलीमीटर. मूळ शॉकअप मात्र पूर्ण बाहेर ५२० आणि पूर्ण आत ३२५ मिलीमीटरचा. म्हणजे रिकाम्या गाडीत चाकाला खाली जायला शॉकअपने जेमतेम ३५ मिलीमीटर वाव ठेवला होता, आणि पाट्यांना मात्र ७५ मिलीमीटर खाली जायचे होते. प्रत्येक खड्ड्यात अ‍ॅक्सल आणि दोन्ही चाके मिळून सगळे वजन त्या दोन कड्यांवर लटकत होते, शिवाय वाढवलेले पाटे वरून ढकलत होते. माल भरला की लांबी ४४५ पर्यंत उतरत असे आणि खाली जाण्याचा वाव ७५ होत असे, म्हणून भरलेली गाडी वाजत नव्हती. मालाने शॉकअप तोडला नव्हता. उलट माल असेपर्यंत तो वाचला होता.

दुसऱ्या जोडीचे काय झाले

हे सगळे आमच्या गॅरेजवाल्याला अंदाजाने का होईना समजले होते, असे म्हणायला हवे. "शॉकअप आखूड पडतोय" हे त्याने बरोबर ओळखले आणि चेसिसवरचा ब्रॅकेट पट्टी जोडून ५५ मिलीमीटर खाली घेतला. त्यामुळे रॉड पूर्ण बाहेर येण्याचा प्रश्न सुटला: पूर्ण लोंबल्यावर ५०५ आणि शॉकअप ५२० चा. पण अ‍ॅक्सल वर आल्यावरची लांबीही तेवढीच कमी झाली, हे कोणाच्या लक्षात आले नाही. बंप स्टॉपला टेकण्याच्या जागी आता लांबी ३१० झाली होती आणि शॉकअप ३२५ ला संपत होता. म्हणजे रबर अ‍ॅक्सलला शिवण्याच्या आधीच शॉकअप लोखंडाला लोखंड टेकत होता.

फेब्रुवारीत भरलेली गाडी ओढ्यातून वर काढताना धप्प असा दणका बसला, आणि उतरून पाहिले तर उजव्या बाजूचा रॉड धनुष्यासारखा वाकलेला होता. जोडपट्टीचे वेल्डिंग तडकले होते आणि चेसिसच्या कडेचा पत्राही किंचित ओढला गेला होता. मागच्या रांगेतल्या क्रेटमध्ये सोनाका जातीच्या द्राक्षांचे मणी देठापासून सुटून तळाशी जमा झाले होते. द्राक्षाच्या व्यापाऱ्याला शॉकअप कळत नाही, मणीगळ कळते. त्या खेपेला दर पाडूनच माल गेला.

ब्रॅकेट खाली घेण्याचा उपाय मुळातच वाईट आहे असे मी म्हणत नाही. पण तो करायचा तर बंप स्टॉपही तेवढाच खाली घ्यावा लागतो, आणि लांब झालेला ब्रॅकेट आडव्या ताणाला कमजोर पडतो, म्हणून त्याला तिरपा आधार द्यावा लागतो. अ‍ॅक्सलच्या नळीवर मनाला येईल तिथे वेल्डिंग करणे तर टाळावेच, कारण उष्णतेने ती नळी वाकली की मागची चाके आणि आतले बेअरिंग दोन्ही बिघडतात.

लांब शॉकअप घेतला की काम झाले, असे नाही

दुसरा, आणि मला अधिक पटलेला मार्ग म्हणजे मूळ ब्रॅकेट पूर्वीच्या जागी घेऊन लांब शॉकअप बसवणे. पण इथे एक अडचण आहे, जी कागदावर मांडल्याशिवाय दिसत नाही. शॉकअपच्या लांबीत स्ट्रोकखेरीज, म्हणजे रॉडच्या आत-बाहेर प्रवासाखेरीज, एक ठराविक मृत लांबी असते: दोन्ही कड्या, सील, पिस्टन, तळाचा व्हॉल्व्ह वगैरे. आमच्या मूळ शॉकअपची पूर्ण आतली लांबी ३२५ आणि स्ट्रोक १९५, म्हणजे मृत लांबी १३०. एकाच बनावटीच्या शॉकअपमध्ये ही मृत लांबी साधारण तेवढीच राहते. त्यामुळे बाहेर जितका लांब शॉकअप घ्यावा त्याच्या निम्म्याने तो आतही लांबच राहतो.

आम्हाला पूर्ण लोंबल्यावरच्या ५६० वर १५ मिलीमीटर राखीव ठेवून ५७५ चा शॉकअप हवा होता. ५७५ मधून १३० वजा केले आणि निम्मे केले की स्ट्रोक साधारण २२२ येतो, आणि पूर्ण आतली लांबी ३५३. पण रबर पूर्ण दबल्यावर आमच्याकडे ३३५ एवढीच जागा होती. म्हणजे ब्रॅकेट न हलवता नुसता लांब शॉकअप टाकला असता तरी तो १८ मिलीमीटर आधीच टेकला असता आणि दुसऱ्या जोडीचीच कथा पुन्हा घडली असती. पुष्कळ लोक "लिफ्टचा लांब शॉकअप" आणतात, तो सहा महिन्यांत वाकतो, आणि दोष मात्र कंपनीला दिला जातो.

तोड साधी होती. गाडीची उंची वाढवली म्हणून चाकाला वर जायला जी जास्तीची जागा मिळाली होती, ती सगळी वापरण्याची गरजच नव्हती. बंप स्टॉप आणि चेसिस यांच्यामध्ये ३५ मिलीमीटर जाडीचा लोखंडी ठोकळा कुपवाडच्या एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडून करून घेतला आणि तेवढेच जास्त लांब बोल्ट घातले. कलाचा हिशेब धरला तर शॉकअपच्या दृष्टीने हे ३३ मिलीमीटर झाले. आता अ‍ॅक्सल रबराला ३९८ वर टेकतो, रबर पूर्ण दबते ते ३६८ वर, आणि शॉकअप संपतो ३५३ वर. वर आणि खाली दोन्हीकडे १५ मिलीमीटर राखीव. रिकाम्या गाडीत २२२ च्या स्ट्रोकपैकी १३२ आत जायला आणि ९० बाहेर यायला उरतात. साधारण साठ-चाळीसची ही वाटणी माल वाहणाऱ्या गाडीला योग्य आहे, कारण माल भरल्यावर ती आणखी खाली येणारच असते.

याची किंमतही मोजावी लागली, हे लपवत नाही. भरलेल्या गाडीत बंप स्टॉपपर्यंत पूर्वी ८५ मिलीमीटर अंतर होते, ते आता ५० झाले आहे. त्यामुळे ओढ्यात किंवा खोल चाकोरीत रबर अधूनमधून टेकते. पण ते टेकण्यासाठीच असते, आणि रबराचा तो मऊ दणका वाकलेल्या रॉडपेक्षा केव्हाही परवडतो.

ताठरपणा आणि प्रकार

पाटे वाढवले म्हणून शॉकअपही ट्रकसारखा ताठर हवा, अशी समजूत आहे. पण वजन तेच असताना लागणारे डॅम्पिंग, म्हणजे हेलकावे शांत करण्याचा अडथळा, पाट्यांच्या ताठरपणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. पाटे चौपट ताठर झाले तर डॅम्पिंग दुप्पट लागते. पाटे वीस टक्क्यांनी ताठर झाले तर डॅम्पिंग दहा टक्क्यांच्या आसपासच वाढवावे लागते. शिवाय पाटे एकमेकांवर घासतात, आणि ते घर्षणही थोडे डॅम्पिंगचेच काम करते. रिबाउंडला, म्हणजे बाहेर येताना, फार ताठर असलेला शॉकअप वॉशबोर्डसारख्या खडबडीत वाटेवर पाट्यांना परत उघडूच देत नाही. एकामागून एक धक्के बसत गेले की गाडी हळूहळू खाली ओढली जाते आणि रिकामी असूनही दगडासारखी चालते. म्हणून आम्ही मूळच्यापेक्षा एकच पायरी वरचा, गॅस भरलेला ट्विन-ट्यूब शॉकअप घेतला.

ट्विन-ट्यूब म्हणजे एका नळीत दुसरी नळी आणि त्यांच्यामध्ये जास्तीचे तेल. ती दोन नळ्यांमधली जागा निम्मी गॅसची असल्यामुळे हा शॉकअप उलटा किंवा फार आडवा बसवता येत नाही. गॅस आतल्या नळीत शिरला की तेलाला फेस येतो आणि शॉकअप पोकळ पडतो. मोनोट्यूबमध्ये गॅस वेगळ्या पिस्टनने बंद केलेला असतो, म्हणून तो उलटाही चालतो आणि लवकर थंड होतो. मात्र त्याची नळी एकच असल्याने उडालेल्या दगडाने ती चेपली की आतला पिस्टन अडकतो. खडीच्या वाटेवर जाणाऱ्या गाडीला मला ट्विन-ट्यूब बरा वाटला. ज्यांची गाडी मुंबईच्या बाजारपेठेकडे तासन्‌तास धावते त्यांनी मोनोट्यूबचा विचार अवश्य करावा.

कलाबद्दलही दोन शब्द. शॉकअप जितका आडवा, तितका तो कमी उपयोगी, आणि ही घट वाटते त्यापेक्षा वेगाने होते, कारण हालचालही कमी होते आणि जोरही तिरपा लागतो. ३० अंश कलाला उभ्या शॉकअपच्या ७५ टक्के काम होते, ४५ अंशांना निम्मे. जागा मिळत नाही म्हणून शॉकअप आडवा करून बसवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. काही पिकअपमध्ये एक शॉकअप अ‍ॅक्सलच्या पुढे आणि एक मागे असतो. ही कारखान्याची चूक नसून गिअर टाकून एकदम वेग घेताना अ‍ॅक्सल पिळवटू नये म्हणून केलेली योजना आहे. दिसायला सारखे व्हावे म्हणून दोन्ही एकाच बाजूला आणू नयेत.

जोडणी

तिसऱ्या जोडीचे बुश फाटले ते जोडणीच्या एका चुकीमुळे. गाडी जॅकवर, चाके लोंबलेली, अशा अवस्थेत बोल्ट पूर्ण आवळले गेले होते. बुशचे रबर आतल्या नळीला चिकटलेले असते. लोंबत्या अवस्थेत आवळले की गाडी जमिनीवर टेकताच ते रबर कायमचे पिळलेले राहते आणि काही हजार किलोमीटरांत फाटते. म्हणून बोल्ट आधी हाताने घट्ट करावेत, गाडी चाकांवर उभी करावी, दोन-तीनदा मागून दाबून सोडावी, आणि मगच गाडीच्या पुस्तकात दिलेल्या टॉर्कनुसार आवळावेत.

नवा ट्विन-ट्यूब शॉकअप दुकानातून आडवा येतो आणि त्यात गॅस इकडेतिकडे झालेला असतो. बसवण्यापूर्वी तो उभा धरून, रॉड वर ठेवून, चार-पाच वेळा पूर्ण आत दाबावा आणि पूर्ण बाहेर काढावा. पहिल्या एक-दोन वेळा मध्येच पोकळ जागा जाणवते, पुढे हालचाल एकसारखी जड होते. रॉडला पकडीचे दात लावू नयेत. त्यावरचा केसाएवढा ओरखडाही सीलला कानशीसारखा घासतो. वरचे टोक कडीऐवजी आटे पाडलेल्या रॉडचे असेल, तर रबर फुगून वॉशरच्या कडेपर्यंत येईल एवढाच नट आवळावा. त्यापुढे आवळले की रबर पिळून बाहेर येते.

चेसिसचा ओढलेला पत्रा आम्ही सरळ करून घेतला आणि मूळ ब्रॅकेट नव्या बोल्टने बसवला. खालची पिन एकाच बाजूने धरलेली आणि किंचित वाकलेली होती, तीही बदलली. बोल्ट ८.८ च्या खालच्या प्रतीचे वापरू नयेत; डोक्यावर आकडा नसलेला बोल्ट कितीही जाड असला तरी येथे चालत नाही.

सगळे बसल्यावर एक चाचणी आवर्जून करावी. मागचे एकच चाक मातीच्या उंचवट्यावर चढवावे आणि खाली वाकून पाहावे: शॉकअप यू-बोल्टला, हँडब्रेकच्या केबलला, टायरला किंवा सायलेन्सरला घासतो का. दोन्ही चाके एकत्र वर-खाली होताना जे लागत नाही, ते एका बाजूने पिळल्यावर लागते. आमच्याकडे डाव्या बाजूला ब्रेकची होस शॉकअपच्या नळीपासून बोटभरही दूर नव्हती. तिची क्लिप फिरवून ती बाजूला घ्यावी लागली.

उंचीमुळे बिघडणाऱ्या इतर गोष्टी

शॉकअपपुरतेच पाहून चालत नाही. ज्या पिकअपमध्ये चेसिस आणि अ‍ॅक्सल यांच्यात लहान दांडी जोडलेला लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो, तो या दोहोंतले अंतर पाहून मागच्या ब्रेकचा दाब ठरवतो. गाडी उचलली की हे अंतर वाढते, आणि भरलेली गाडीही त्याला रिकामीच वाटते. परिणामी मागचे ब्रेक कमी लागतात. ही दांडी तारेने बांधून टाकलेली मी पाहिली आहे, तसे कधीही करू नये. तिची जुळणी पुस्तकाप्रमाणे करून घ्यावी. लांब शॅकलमुळे डिफरन्शियलच्या पिनियनचे, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट (इंजिनकडून मागच्या अ‍ॅक्सलला फिरवणारा दांडा) जिथे जोडला जातो त्या भागाचे, तोंडही थोडे वर वळते. वेग घेताना खालून थरथर जाणवू लागली तर प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसचे (टोकांच्या सांध्यांचे) कोन तपासावेत आणि गरज पडल्यास पाट्याखाली पाचर द्यावी.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कारखान्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. पाटे वाढवले म्हणून पासिंगचे वजनही वाढत नाही. जादा वजनासाठी २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जास्तीच्या टनाला २ हजार रुपये दंड आहे. मला पुन्हा करायचे असते तर मी मूळ पाट्यांची कमान नव्याने मारून घेतली असती आणि शॅकलला हातही लावला नसता.

बसवल्यानंतर

पहिल्या ५०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासले. नटावर आणि ब्रॅकेटवर रंगाची एकच रेघ मारून ठेवली, म्हणजे नट फिरला तर रेघ तुटलेली दिसते. शॉकअप काम करतो का, हे हातानेही कळते: खराब वाटेवरून दहा-पंधरा किलोमीटर आल्यावर दोन्ही नळ्यांना हात लावावा, दोन्ही सारख्याच कोमट हव्यात. एक गरम आणि एक थंड असेल तर थंड असलेला आतून संपलेला आहे, कारण हेलकाव्यांची शक्ती उष्णता होऊनच बाहेर पडते. सायलेन्सरच्या बाजूचा थोडा जास्त तापतो, तेवढे गृहीत धरावे.

शॉकअप किती आत जातो हे पाहण्यासाठी उघड्या रॉडवर एक केबल टाय (प्लास्टिकची पट्टी) बेताची घट्ट बांधतात. जितका रॉड आत जातो तितकी ती सरकून तिथेच राहते. आमच्या शॉकअपवर पत्र्याचे झाकण असल्याने ते जमले नाही. म्हणून गणपतीनंतर उरलेल्या शाडूच्या मातीचे लिंबाएवढे दोन ओले गोळे बंप स्टॉपखाली अ‍ॅक्सलवर चिकटवले आणि भरलेली गाडी बागेतून ओढ्यापलीकडे नेऊन आणली. उजवा गोळा पापडासारखा चपटा झाला होता, डाव्याला नुसता रबराचा ठसा उमटला होता. म्हणजे दोन्ही बाजू रबराला टेकल्या होत्या आणि उजवीकडे जास्त वजन पडत होते. पाण्याची टाकी उजव्या फाळक्याला टेकून ठेवायची आमची सवय होती. ती मध्ये, केबिनच्या मागे लावली आणि पुढच्या खेपेला दोन्ही गोळे सारखेच दबले. चौथी जोडी आता दोन हंगाम झाले तीच आहे. खालच्या बुशमध्ये किंचित खेळ आला आहे, तो या पावसाळ्यानंतर बदलणार आहे.